माणकांहून मोलाची

गेल्या महिन्यात माझ्या भाचीसाठी रिश्ता आला. मुलगी बी.एस्सी. झाली आहे, बी.एड. करते आहे, घरी चार मुलांच्या शिकवण्या घेते. पाहुणे चांगले होते. उठताना मुलाची आई म्हणाली, “आम्हाला काही नको. तुमच्या मुलीला तुम्ही काय द्यायचं ते द्या. फक्त आमच्या थोरल्या सुनेनं पाच तोळे आणले होते, एवढं लक्षात असू द्या.”

पाहुणे गेल्यावर भाभी हिशेबाला बसल्या. मी काही बोलायला गेले तर म्हणाल्या, “आपा, तुमचं सगळं खरं. पण शेवटी मुलीची किंमत सोन्यावरच होते.”

हे वाक्य डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी शिक्षक कक्षात डबा खाताना मी ते बोलून दाखवले. आमच्या एक ख्रिस्ती सहकारी बाई म्हणाल्या, “आमच्यात लग्नाच्या वेळी शास्त्रातला एक भाग पुष्कळदा वाचतात. चांगल्या बायकोचं मोल माणकांहून जास्त आहे, असं त्यात आहे. वाचतात सगळे, पण आमच्याकडेही देणंघेणं थांबलेलं नाही.” त्यांच्याकडून मी ते पुस्तक मागून आणले आणि तो भाग शांतपणे वाचला. या महिन्यात त्याविषयीच लिहावेसे वाटते.

बायबलच्या जुन्या करारात ‘नीतिसूत्रे’ नावाचा ग्रंथ आहे. यहुदी आणि ख्रिस्ती दोघेही तो मानतात आणि परंपरेने त्याचा संबंध हजरत सुलैमान (अ.) यांच्याशी जोडतात. कुरआन हीच आपली कसोटी आहे, पण शहाणपणाची गोष्ट कुठे आढळली तर ती ऐकून घेण्यात आपले नुकसान नाही. या ग्रंथाचा शेवटचा, म्हणजे 31 वा अध्याय लमुएल नावाच्या राजाला त्याच्या आईने दिलेल्या शिकवणीने सुरू होतो. दारूपासून दूर राहा, मुक्यांसाठी बोल, गरिबांना न्याय दे, असे ती सांगते. त्यानंतर 10 ते 31 या ओव्यांमध्ये सद्गुणी पत्नीचे वर्णन येते.

या ओव्या 22 आहेत आणि हिब्रू मुळाक्षरेही 22. प्रत्येक ओवी क्रमाने पुढच्या अक्षराने सुरू होते: आलेफ, बेत, गिमेल, दालेत. उर्दू शिकवणाऱ्या मला हे वाचून लगेच आपले ‘अबजद’ आठवले: अलिफ, बे, जीम, दाल. क्रम तोच आहे. ज्या अबजदवरून लोक 786 चा हिशेब मांडतात, ते याच जुन्या क्रमावर उभे आहे. अक्षरांच्या क्रमाने बांधलेली गोष्ट मुलांच्या तोंडी लवकर बसते, हे आम्हा शिक्षकांना माहीत आहेच.

आता त्या रत्नाकडे येऊ. मूळ हिब्रू शब्द आहे ‘पेनिनीम’. हे रत्न नेमके कोणते, यावर भाषांतरकारांचे एकमत नाही. 1611 च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात माणिक आहे, काहींनी मोती म्हटले, काहींनी पोवळे. त्याच बायबलमधील ‘विलापगीत’ या ग्रंथात हा शब्द लालीची उपमा म्हणून आला आहे, त्यामुळे माणिक किंवा पोवळे म्हणणाऱ्यांची बाजू वजनदार वाटते. इथे आपल्याला सूरह रहमान आठवल्याशिवाय राहत नाही. तिथे जन्नतमधील स्त्रियांना याकूत आणि मर्जान यांची, म्हणजे माणिक आणि पोवळे यांचीच उपमा दिली आहे.

मला अधिक महत्त्वाची वाटली ती दुसरीच गोष्ट. नीतिसूत्रांत हेच रत्न आधीही येते, तिसऱ्या आणि आठव्या अध्यायात. तिथे ते शहाणपणाच्या बाबतीत आहे: शहाणपण या रत्नांहून मौल्यवान आहे. म्हणजे ज्या रत्नाने अगोदर शहाणपण तोलले, त्याच रत्नाने शेवटी स्त्रीला तोलले, आणि दोन्ही वेळा रत्नच हलके पडले.

मग तिच्या अंगी असे आहे तरी काय? ती लोकर आणि जवस आणून सूत कातते. शेत पारखून विकत घेते आणि स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते. कपडे शिवून व्यापाऱ्यांना विकते. गरिबांना सढळ हाताने देते. बोलते ते शहाणपणाचे बोलते. तिच्या नवऱ्याचा तिच्यावर पूर्ण भरवसा आहे. ती चांगले कपडेही घालते, पण तिने माहेरून काय आणले याची यादी कुठेच नाही. रूपाचा उल्लेख अगदी शेवटी येतो, तोही रूप टिकत नाही आणि अल्लाहचे भय बाळगणारी स्त्रीच स्तुतीला पात्र आहे, हे सांगण्यासाठी.

आपल्याकडे “मुलगी म्हणजे रत्न, तिजोरीत जपावे” असे पुष्कळदा ऐकू येते. इथली स्त्री मात्र शेतात आहे, व्यवहारात आहे. पण दुसरा धोकाही सांगायला हवा. ती पहाटेपूर्वी उठते आणि रात्री तिचा दिवा विझत नाही, एवढेच वाचून एखादी सासू सुनेपुढे कामांची यादी ठेवील. तिने शेवटची ओवीही वाचावी. तिच्या हातांच्या कष्टाचे फळ तिला द्या, असे तिथे सांगितले आहे. कामाचे कौतुक करून हक्क विसरा, असे नाही.

हे मराठीत आणणाऱ्यांमध्ये आपल्या पुणे जिल्ह्यातील एक मोठे नाव आहे, पंडिता रमाबाई. संस्कृतच्या या विदुषी 1882 मध्ये, पतीच्या निधनानंतर, लहान मुलीला घेऊन पुण्यात आल्या. पुढे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 1896-97 च्या दुष्काळात निराधार झालेल्या शेकडो मुलींना आणि विधवांना त्यांनी केडगावच्या ‘मुक्ती’मध्ये आसरा दिला. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे निधन झाले, त्याच्या थोडे आधी हे काम पुरे झाले होते. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात झाली आणि तिथे काम करणाऱ्या स्त्रियाच होत्या. ज्यांना समाजाने अपशकुनी म्हणून टाकले होते, त्यांच्या हातांनी स्त्रीचे मोल रत्नांहून अधिक असल्याचे वाक्य जुळवले गेले. त्यांच्या धर्माशी आपला मतभेद असेल, पण ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

आता आपण आपल्या घरात पाहू. विवाहासाठी संपत्ती, घराणे, रूप आणि दीन या चार गोष्टी पाहिल्या जातात, तुम्ही दीन असलेली निवडा, असे प्रेषित (स.) यांनी सांगितले. सदाचारी पत्नीला त्यांनी या जगातील सर्वोत्तम ठेवा म्हटले. सूरह निसामध्ये अल्लाह तआलाने स्त्रियांना त्यांचा मेहर आनंदाने देण्याचा आदेश दिला आहे आणि पत्नीला सोन्याचा ढीग दिला असला तरी त्यातले काही परत घेऊ नका, असे बजावले आहे. देण्याची दिशा स्पष्ट आहे: पुरुषाकडून स्त्रीकडे. आपण ती उलटी केली. लग्नात मेहर पुटपुटत सांगतो आणि जहेज मांडून दाखवतो. देशाच्या कायद्यानेही 1961 पासून हुंडा घेणे आणि देणे दोन्ही गुन्हा ठरवले आहे.

मुलींना आपण खूप शिकवतो. पण लमुएलच्या आईने शिकवले ते मुलाला. ज्या बहिणींना मुलगे आहेत, त्यांनी आज रात्री जेवताना मुलाला एकच प्रश्न विचारावा: तुझ्या बायकोत तू काय पाहशील? त्याचे उत्तर ऐकले की आपण त्याला काय शिकवले ते कळेल.

भाभींना मी एवढेच म्हटले की पाच तोळ्यांविषयी काही कळवू नका. अगोदर मेहर किती आणि केव्हा देणार, ते विचारा. निकाहनाम्यात ते लिहून घ्या. आणि तिची बी.एड. पुरी होऊ देणार का, हेही विचारा. भाभी बराच वेळ गप्प होत्या. म्हणाल्या, “आणि नाही म्हणाले तर?”

मी म्हटले, “तर पारख नसलेल्या घरात आपली मुलगी गेली नाही, म्हणून शुक्र करा.”

भाईजानांनी फोन केला आहे. उत्तर अजून आलेले नाही. भाची परीक्षेच्या तयारीत आहे.

अल्लाह तआला आपल्याला माणसाची पारख करण्याची बुद्धी देवो. आमीन.