सुनेला नवे पद मिळाले, पुढे काय?



रोवणीचे दिवस आहेत, म्हणून या खेपेस धानाच्या पऱ्ह्यांवर लिहायचे ठरवले होते. पण गेल्या आठवड्यात पोंभुर्ण्याजवळ एका बांधावर ओळखीची एक बाई भेटली आणि विषय बदलला. अनेक वर्षे ती गावची आशा होती. यंदा गटप्रवर्तक झाली, म्हणजे साधारण वीस आशांच्या कामावर देखरेख तिच्याकडे आली. गावाने शाल-नारळ दिला. ती मात्र रडकुंडीला आलेली.

"साहेब, मले आपली आशाच राहू द्या म्हणाव. रात्री झोप लागत नाही. कोण्या गावचा फोन येईल अन् मले काही सुचणार नाही, याचाच धाक वाटते."

अशा लेकीसुना आज पुष्कळ घरांत आहेत. त्यांच्या कामाचा हिशेब आपण कधी मांडत नाही. बाळ दवाखान्यात जन्मले, तरी आशेने पहिल्या बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी जाऊन त्याला पाहायचे. घरीच जन्मले तर सात वेळा. त्यावर गरोदर बाया, तापाच्या रोग्यांचे रक्तनमुने, रजिस्टर, मोबाईलवरच्या नोंदी, बैठका. हे सारे वीस जणींचे, आणि जाब एकीला!

मला माझे दिवस आठवले. पहिल्यांदा हाताखाली कृषी सहायक आले, तेव्हा प्रत्येकाची बांधी मी स्वतःच पाहायला धावत असे. दुसऱ्याने केलेले पटतच नसे. त्या धावपळीत तुडतुड्यांविषयीची एका शेतकऱ्याची चिठ्ठी तीन दिवस माझ्या पिशवीत राहिली. चौथ्या दिवशी गेलो, तर बांधीत जळल्यासारखे चट्टे पडलेले. तो माणूस मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरे वाटले असते.

वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था काढली. तान्ही बाळे दगावत होती आणि गावोगाव डॉक्टर मिळणे शक्य नव्हते. मग त्यांनी गावातल्याच, पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या बायांना तयार केले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, न्यूमोनिया ओळखणे, वेळ पडल्यास इंजेक्शन देणे, हे सारे त्या शिकल्या. ३९ गावांत हजारी ६२ नवजात बाळे दगावत असत; तिसऱ्या वर्षी हा आकडा हजारी सुमारे २५ वर आला. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ही हकिकत छापून आली आणि २०११ पासून तेच काम देशभरच्या आशांकडे आले. डॉक्टरांनी ते विश्वासाने दुसऱ्यांच्या हाती दिले, म्हणून ते इतके पसरले.

पण हे काम ऐन भरात असताना, १९९५ साली, डॉ. अभय बंग यांना हृदयविकाराचा झटका आला. वय अवघे ४४. कामाचा ताण, धावपळ, शरीराकडे दुर्लक्ष, सारे त्यांनी पुढे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकात प्रांजळपणे लिहिले आहे. आहार, चालणे, योग, ध्यान यांना त्यांनी दिवसात जागा दिली. वाचनालयात मिळाले तर अवश्य वाचा.

त्या बाईला मी म्हटले, बाई, सगळ्या बांध्या एका दिवशी रोवतात का? पऱ्हे वयात आले की रोवणी थांबत नाही. बांधावरचे गवत थांबते. अंगावर न पिणारे बाळ, रक्त जाणारी गरोदर बाई, थंडी वाजून आलेला ताप ही आजची कामे. रजिस्टरला संध्याकाळची ठरलेली एक घटका पुरे. आशेचे काम हातातून घेऊन स्वतः करू नका. तिच्यासोबत जा, तिला करू द्या, बाजूला उभ्या राहून पाहा. गावात जुनी, जाणती आशा असेल तर नवीला तिच्या जोडीला द्या. आणि अडले तर "मला ठाऊक नाही, डॉक्टरांना विचारून सांगते" म्हणायला लाजू नका. उगाच ठोकून देण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

आता घरच्यांसाठी. ती दिवसभर चार गावे फिरून आली, की चुलीपुढे तिनेच बसायचे, हा कुठला न्याय? भात नवऱ्यानेही शिजतो. (माझा आधी करपत असे.) सासूबाईंनी नातवंडे सांभाळली, दिराने गाडीवर नेऊन सोडले, तर अर्धे ओझे उतरते. गावकऱ्यांनीही किरकोळ कामासाठी रात्री फोन करू नये; अडल्या बाळंतिणीला किंवा आजाऱ्याला गाडी हवी असेल, तर १०८ आहे. आठवडे न् आठवडे झोप नाही, रडू आवरत नाही, जीव नकोसा वाटतो, असे झाले तर हसण्यावारी नेऊ नका. १४४१६ हा सरकारचा 'टेली-मानस' क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येते. छातीत दुखले तर मात्र फोनवर वेळ न घालवता तडक दवाखाना गाठा.

पऱ्ह्यांचे राहून गेले, ते पुढच्या अंकी. तोवर तुमचे पऱ्हे एकवीस-पंचवीस दिवसांचे झाले असतील आणि बांधीत पाणी असेल, तर माझ्या लेखाची वाट पाहू नका, रोवून टाका.