महामार्गाचा पैसा कोठून यावा?

किल्लारीच्या व्यापाऱ्याने माल भरून गाडी काढली म्हणजे त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एक औशावरून लातूरच्या बाजारपेठेकडे जाते. दुसरी उमरग्यास सोलापूर–हैदराबाद या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 65 ला मिळते. औशास तुळजापूरकडून येणारा महामार्ग चौपदरी झाला. उमरग्यावरून जाणाऱ्या महामार्गाचे रुंदीकरण मात्र वर्षानुवर्षे रखडले, आणि काम अपुरे असता टोल कशाबद्दल द्यावा, हा सवाल तलमोड व फुलवाडी येथील नाक्यांवर लोकांनी वेळोवेळी केला. एकाच मुलुखात दोन रस्त्यांचे नशीब इतके निराळे का, हे ज्यास समजून घ्यावयाचे असेल, त्याने रस्त्याकडे पाहण्यापूर्वी त्याच्या पैशाकडे पाहिले पाहिजे.

रुंदीकरण हवे की नको, हा वाद आता उरलेला नाही. मालमोटार, एसटी, उसाची बैलगाडी व शाळेस निघालेली सायकल ही सर्व एकाच अरुंद पट्ट्यावर आली म्हणजे जे व्हावयाचे ते होते. 2022 साली महाराष्ट्राच्या रस्त्यांवर 15,224 माणसे अपघातांत मेली. देशातील एकूण रस्त्यांत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा शंभरात दोनांच्या आसपास. पण त्या वर्षीच्या अपघाती मृत्यूंत त्यांचा वाटा शंभरात छत्तीस होता.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपाने किल्लारी व आसपासच्या गावांतील सुमारे दहा हजार माणसे नेली. त्या दुःखाशी कशाचीही तुलना करण्याचे धाडस आम्ही करीत नाही. परंतु त्यानंतर पैसा कसा उभा राहिला, हे स्मरणात ठेवण्याजोगे आहे. जागतिक बँकेचे कर्ज आले, देशभरातून मदत आली, आणि 52 गावे नव्या जागी वसविली गेली. तात्पर्य, सरकार व लोक जिला आपत्ती मानतात तिच्यासाठी पैसा मिळतो. रस्त्यावरचे मरण रोज एकदोघांचे असते, म्हणून ते वर्तमानपत्राच्या आतल्या पानात विरते, व त्यासाठी तिजोरीचे दार कोणी ठोठावीत नाही.

पैसा कोठून यावा, याचे एक उत्तर महाराष्ट्रातील एका विद्वान कायदेपंडितानेच जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी दिले होते. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली 1927 साली नेमलेल्या रस्तेसमितीने पुढील वर्षी अशी शिफारस केली की, मोटारींमुळे रस्त्यांचा खर्च वाढतो, तर मोटारीच्या इंधनावर जादा कर घ्यावा व तो रस्त्यांकरिताच निराळा ठेवावा. त्याप्रमाणे 1929 साली पेट्रोलवर गॅलनमागे दोन आण्यांचा जादा कर बसून मध्यवर्ती रस्तेनिधी निघाला. या योजनेचे मर्म कराच्या आकड्यात नाही. ज्याच्याकडून ज्या कामासाठी पैसा घेतला तो त्याच कामी लावावा, या तत्त्वात आहे. 2000 साली या निधीस कायद्याचे अधिष्ठान मिळाले. 2018 साली मात्र त्याचे रूप पालटले: पेट्रोल व डिझेलवर लिटरमागे 8 रुपयांचा रस्ते व पायाभूत सुविधा उपकर आला, आणि त्याच्या नावाप्रमाणेच त्याच्या वाटेकऱ्यांची संख्याही वाढली. इतर सुविधा नकोत असे आम्ही म्हणत नाही. पण एका भाकरीचे तुकडे वाढले म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यास लहानच तुकडा येणार, हे सांगावयास गणिती नको.

इंधनाच्या कराने भागत नाही म्हणून दुसरा मार्ग खासगी भांडवलाचा. कंत्राटदाराने कर्ज काढावे, रस्ता बांधावा, व टोल घेऊन कर्ज फेडावे, अशी ही व्यवस्था. सोलापूर ते राज्याच्या सीमेपर्यंतचा, म्हणजे उमरग्यावरून जाणारा पट्टा याच रीतीने देण्यात आला. या रीतीत वाहतुकीचा अंदाज चुकला किंवा सावकाराने हात आखडला, की काम जागच्या जागी थांबते. व्याज मात्र थांबत नाही. तुळजापूर–औसा पट्ट्यास निराळी रीत लाविली गेली. तिला हायब्रिड ॲन्युइटी म्हणतात. तीत बांधकाम चालू असताच सरकार शंभरातील चाळीस हिस्से देते, व उरलेले साठ पंधरा वर्षांत हप्त्यांनी फेडते. वाहतूक कमी झाली तरी बांधणारा बुडत नाही, म्हणून काम पुढे सरकते. तथापि हे हप्ते पुढच्या पंधरा वर्षांच्या तिजोरीवरचे ऋणच होय, हे विसरता कामा नये.

तिसरा मार्ग सार्वजनिक महामंडळाचा. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गासाठी खासगी कंपनीने 3,600 कोटींची मागणी केली, ती नाकारून राज्याच्या रस्ते विकास महामंडळाने रोखे काढले व सुमारे 1,600 कोटींत काम केले. 2002 साली तो मार्ग पुरा झाला. लोकांच्या पैशाने लोकांचे काम स्वस्तात होते, याचा हा उत्तम दाखला. पण त्याचीच दुसरी बाजू पाहा. त्या मार्गाचे व जुन्या रस्त्याचे टोलहक्क 2004 साली 918 कोटींस दिले गेले, आणि 2020 साली तेच पुढील दहा वर्षांकरिता 8,262 कोटींस गेले. रस्त्याचे मोल केव्हा फिटले व त्यापुढे टोल कोणत्या कामी लागतो, हे घाटातून जाणाऱ्या साध्या प्रवाशास कोणत्या नाक्यावरील पाटीवरून कळेल?

हिशेब न दिसल्यामुळेच टोलविषयी लोकांचे मन विटले. कोल्हापुरात मोठे आंदोलन होऊन 2015 च्या अखेरीस शहराचा टोल गेला. त्याच वर्षी राज्यातील 12 नाके बंद झाले व 53 नाक्यांवर लहान वाहनांस आणि एसटीस माफी मिळाली. हा लोकांचा विजय होय. परंतु माफ झालेला टोल हवेत विरत नाही, तो तिजोरीतून कंत्राटदारास भरून द्यावा लागतो. टोल नको म्हणणाराने त्याऐवजी काय द्यावयाचे हेही सांगितले पाहिजे. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

जमिनीचा प्रश्न यातच गुंतला आहे. 2013 च्या कायद्याप्रमाणे भूधारकास मोबदल्यावर तितकीच दिलासा रक्कम द्यावी लागते, आणि 2015 पासून राष्ट्रीय महामार्गांसही हा नियम लागू झाला. मात्र मोबदला ठरतो तो नोंदलेल्या खरेदीखतांवरून. आणि मुद्रांक वाचविण्यासाठी खतात किंमत कमी लिहिण्याची खोड गावोगाव आहे. ती खोड भूसंपादनाच्या दिवशी शेजाऱ्याचाही गळा कापते. इकडे जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीस व भूसंपादनास 20,787 कोटींची तरतूद मंजूर केली, आणि अनेक जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी त्या मार्गास विरोध मांडला. नवी वाट मुळीच नको असे आमचे मत नाही. पण ज्या वाटेवर माणसे आजच मरत आहेत ती आधी रुंद व्हावी, हा क्रम न्यायाचा नव्हे काय?

आता दोन शब्द आमच्या व्यापारी बंधूंस. मालमोटारीच्या आसावरील भार दुप्पट केला की रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, सुमारे सोळापट होते, असे या शास्त्राचे जाणते सांगतात. एका फेरीचे भाडे वाचविण्यासाठी सोयाबीनची चार पोती जास्त कोंबणारा इसम सर्वांचाच रस्ता उकरीत असतो. तसेच दुकानाची ओटी रस्त्यावर आणून पुढे रुंदीकरणाची मागणी करणे शोभत नाही.

सरकाराकडे आमचे मागणे तीन गोष्टींचे. रस्त्याच्या नावाने घेतलेल्या उपकरातून जुन्या अरुंद महामार्गांच्या रुंदीकरणास ठराविक हिस्सा बांधून द्यावा. काम पुरे झाल्याखेरीज पुरा टोल घेऊ नये. आणि प्रत्येक नाक्यावर बांधकामाचा खर्च, वसुली व बाकी मराठीत मोठ्या अक्षरांत लावावी. तिसरे, रुंदी वाढली की वेगही वाढतो. म्हणून गावाजवळ सेवारस्ता व पादचाऱ्यांची सोय मूळ अंदाजपत्रकातच धरावी, अपघातानंतर नव्हे. व्यापारी आपल्या वहीत पैचा फरक सहन करीत नाही. तीच कसोटी त्याने महामार्गासही लावावी, आणि बाजार समितीच्या सभेपासून विधानसभेपर्यंत हा हिशेब मागत राहावा.