खांब काढा म्हणणाऱ्यांना, आणि खांब लावून विसरणाऱ्यांनाही



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यात दीड महिना गेला. पुण्याच्या भाचेमंडळींनी "मामा, लिहिणं थांबवलंत का?" म्हणून फोनवर झापलं. तर घ्या, आज जरा तिखट लिहितो.

निमित्त साधंच आहे. आमच्या इमारतीच्या जिन्याखाली एक सूचनाफलक आहे. एरवी त्यावर पाण्याची वेळ आणि गणपतीची वर्गणी असते. गेल्या महिन्यात त्यावर माझं नाव झळकलं. गच्चीवरचा 'टॉवर' सर्व सभासदांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने काढून टाकावा, असा विषय येत्या सभेपुढे आहे. टॉवर! तीस फुटी जी.आय. पाइपला टॉवर म्हणायचं, तर अनकाईच्या किल्ल्याला काय म्हणायचं?

नव्या वाचकांसाठी थोडक्यात. मी बी.ए., तोही मराठी माध्यमाचा. छत्तीस वर्षं मराठी आणि भूगोल शिकवला. विज्ञानाचा आणि माझा संबंध मॅट्रिकनंतर सुटला, तो निवृत्तीनंतर पुन्हा जुळला. शेजारी रेल्वेतले एक गृहस्थ राहत. ते हौशी रेडिओवाले, म्हणजे ज्याला 'हॅम' म्हणतात ते. त्यांच्या नादाने साठीच्या उंबरठ्यावर केंद्र सरकारची परीक्षा दिली आणि व्ही.यू.3 ने सुरू होणारं नाव मिळालं. व्ही.यू.2 वाले थोरले, आम्ही धाकटे. राजीव गांधींनाही असंच एक नाव होतं, व्ही.यू.2 आर.जी. थोडक्यात, हा काही चोरीचा मामला नाही. परीक्षा आहे, परवाना आहे, कोणत्या लहरींवर बोलायचं याचे नियम आहेत.

गच्चीवर काय आहे तेही सांगतो. एक खांब. त्याच्या माथ्यावरून दोन्ही बाजूंना उतरणारी दहा-दहा मीटरची तार, ती 40 मीटर पट्ट्यासाठी. खांबाच्या डोक्यावर एक यागी अँटेना, जुन्या दूरदर्शनच्या अँटेनाची मोठी बहीण म्हणा. आणि तिच्या खाली रोटेटर, म्हणजे ती अँटेना खोलीत बसून हव्या त्या दिशेला फिरवणारी मोटर. बस.

आता आक्षेप एकेक करून घेऊ. वर्गात घ्यायचो तसे.

पहिला आक्षेप : लहरींनी कॅन्सर होतो, चिमण्या मरतात. माझा वरच्या अँटेनाला जोडलेला संच पाच वॉटचा आहे. देवघरातला रात्रीचा दिवा तेवढाच असतो. तोही मी दिवसातून दहा-पंधरा मिनिटं बोलतो तेव्हाच, उरलेला वेळ नुसता ऐकतो, आणि ऐकणाऱ्या अँटेनातून काही बाहेर पडत नाही. समोरच्या इमारतीवर मोबाइल कंपनीचा मनोरा चोवीस तास चालू आहे. मी त्यालाही नावं ठेवत नाही, मर्यादेत असेल तर तोही निरुपद्रवी. पण त्याचं भाडं येतं म्हणून तो पवित्र आणि माझं भाडं येत नाही म्हणून माझा खांब विषारी, हे कुठलं विज्ञान?

दुसरा आक्षेप : खांबामुळे वीज पडेल. हा आक्षेप अर्धा खरा आहे. उंच वस्तूवर वीज पडण्याची शक्यता जास्त, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून तर खांबापासून जाड तांब्याची पट्टी थेट जमिनीतल्या अर्थिंगपर्यंत नेली आहे आणि ढग दिसले की मी केबल संचातून काढून ठेवतो. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालतात, आणि तो ओला ठेवावा लागतो, कारण कोरड्या मातीतून वीज नीट उतरत नाही. आता मनमाडात खड्ड्याला पाणी पाजायचं म्हणजे काय ते मनमाडकरच जाणे. ज्या गावाने नळाची पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवस वाट बघत उन्हाळे काढले, तिथे आमची सौभाग्यवती म्हणायची, "माणसांना नाही आणि तुम्ही जमिनीला पाजा!" शेवटी तह झाला. कपडे धुतल्याचं शेवटचं पाणी खड्ड्याला. आजही एक बादली दर आठवड्याला जाते.

तिसरा आक्षेप : खांब पडेल.

इथे मात्र मला खाली मान घालावी लागते. कारण माझा खांब एकदा पडता पडता राहिलेला आहे.

2019 चा मे महिना. वळवाच्या आधीचा तो धुळीचा वारा, आपल्याकडे येतो तसा. खांबाला तीन बाजूंनी ताण दिलेला असतो, लाइनमन लोक त्याला स्टे म्हणतात. त्यातला एक ताण मी गच्चीच्या कठड्यातल्या हुकाला बांधला होता. कठडा म्हणजे काय, चार इंची विटेचं बांधकाम. ताण बांधायचा तो काँक्रीटच्या कॉलमला, हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलं होतं. पण कॉलम दूर होता, तार कमी पडत होती, "नंतर बघू" म्हणालो. ते 'नंतर' तीन वर्षं आलंच नाही. त्या संध्याकाळी हुक विटेसकट उपटला आणि खांब बोळाच्या बाजूला कलला. उरलेल्या दोन तारांनी धरला म्हणून लोंबकळत राहिला. खालच्या मजल्यावर शिकवणी चालते, मुलं त्याच बोळात सायकली लावून उभी असतात. शिकवणी दहा मिनिटांपूर्वी सुटली होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना सांभाळलं आणि एका हुकापायी... असो.

तेव्हा, मंडळी, तिसरा आक्षेप खरा आहे. पण त्यातून "खांब काढा" हा निष्कर्ष निघत नाही. "खांब सांभाळा" हा निघतो. आणि माझं भांडण नेमकं इथे आहे, दोन्ही बाजूंशी.

आधी आमच्याच जातभाईंशी, हॅम मंडळींशी. आपण किती देशांशी बोललो याच्या याद्या लावतो. आपल्यातल्या कितीजणांनी गेल्या वर्षभरात आपल्या खांबाच्या यू-बोल्टला हात लावला आहे? वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. गंजलेला नट हे गणित शिकलेला नसतो, तो सरळ तुटतो. खांब कुठे उभारावा याचा साधा नियम आहे : विजेच्या तारांपासून खांबाच्या उंचीच्या किमान दीडपट दूर. म्हणजे कसाही आडवा झाला तरी तारेला शिवणार नाही. जगभरात अँटेना उभारताना माणसं मेली आहेत ती रेडिओ लहरींनी नव्हे, हातातला पाइप विजेच्या तारेला लागून. तरीही आपण काय करतो? नाक्यावरून दोन पोरं बोलावतो, कमरेला दोर नाही, पायात स्लिपर, आणि "चढ रे, पटकन होईल" म्हणतो. आपण खाली चहा पीत दिशा सांगतो. आपल्या नातवाला चढवू का आपण? नाही ना? मग ते पोरही कुणाचा तरी नातू आहे.

छोट्या आळसाची शिक्षा छोटी असते, तीही मी भोगली आहे. केबलच्या जोडावर स्वतःशीच एकजीव होणारी रबरी टेप गुंडाळायची, वरून साधी टेप, आणि जोडाखाली केबलला एक झोळ द्यायचा, म्हणजे पावसाचं पाणी झोळाच्या टोकावरून ठिबकतं, जोडात शिरत नाही. मी झोळ दिला नाही. पहिल्याच पावसाळ्यात पाणी केबलच्या आतल्या जाळीतून शिरलं, तांबं हिरवंकाळं पडलं आणि सगळी केबल भंगारात गेली. रोटेटरची गंमत तर विचारू नका. त्याच्या तळाला पाणी निघून जायला एक बारीक भोक असतं. कुंभारीण माशीने त्यात मातीचं घर केलं, पाणी आत साठलं, दातेरी चाकं गंजली. जवळजवळ वर्षभर माझी अँटेना अनकाईकडे तोंड करून हट्टाने उभी होती! काडी घेऊन भोक मोकळं करायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं मी दिली नव्हती.

आता सभासदांशी. 13 मे 2024 ला घाटकोपरला जाहिरातीचा फलक कोसळला आणि 17 माणसं गेली. 120 फूट बाय 120 फुटांचा फलक, नियमात 40 बाय 40 ची मर्यादा असताना. त्यानंतर लोकांना उंच वस्तूची भीती वाटू लागली. ती योग्यच आहे, मलाही वाटते. पण भीतीला जरा इमारतभर फिरवून आणू या. आपल्या गच्चीवर सहा मेलेल्या डिश आहेत, कुणाच्या ते कुणालाच माहीत नाही. एक तर एकाच स्क्रूवर वाऱ्याला मान डोलावते. केबलवाल्याच्या जुन्या वायरी लोंबतात. पाण्याच्या टाकीचा लोखंडी सांगाडा हात लावला की पापुद्रे देतो, आणि पाणी भरलं की त्यावर काही हजार किलो वजन असतं. कोपऱ्यावर वाढदिवसाचे फलक बांबूला सुतळीने बांधलेले असतात. हे सगळं शेवटचं कुणी तपासलं, कधी तपासलं? सभेच्या इतिवृत्तात दाखवा, मी माझा खांब त्याच दिवशी उतरवतो.

आपल्याला उभारण्याची हौस फार. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, फोटो निघतो. देखभालीचा नारळ कुणी फोडत नाही. नट आवळणाऱ्याचा सत्कार झालेला मी तरी चौऱ्याहत्तर वर्षांत पाहिला नाही.

कुणी म्हणेल, मोबाइलच्या जमान्यात हे हवंच कशाला? 26 जानेवारी 2001 ला भुज हादरलं, टेलिफोन बंद पडले, तेव्हा हॅम मंडळी संच आणि तारा घेऊन तिथे पोहोचली होती. डिसेंबर 2004 मध्ये भारती प्रसाद या बाई आपल्या चमूसह हौशी रेडिओच्याच मोहिमेवर पोर्ट ब्लेअरला होत्या. 26 तारखेला त्सुनामी आली, आणि अंदमानातल्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवरच्या नातेवाइकांपर्यंत त्यांच्या अँटेनावरून गेली. मोबाइलचा मनोरा वीज आणि बॅटरी संपली की मुका होतो. बारा व्होल्टची बॅटरी आणि वीस मीटर तार असलेला माणूस बोलत राहतो.

आणि रोजचं सांगायचं, तर माझ्या गच्चीवर पोरं येतात. अंतराळ स्थानक साधारण चारशे किलोमीटरवरून जातं, आपल्या आकाशात जेमतेम दहा मिनिटं असतं. त्याच्या मागे अँटेना फिरवत 145.800 मेगाहर्ट्झ ऐकायचं. कधीकधी तिथून चित्रं पाठवतात, ती किरकिर आवाजातून ओळीओळीने पडद्यावर उमटतात. जुलै 2025 मध्ये शुभांशु शुक्ला यांनी तिथल्या अशाच हौशी रेडिओवरून बंगळुरू आणि शिलाँगच्या विद्यार्थ्यांशी गप्पा मारल्या. आमच्या पोरांना ते कळलं तेव्हा एका मुलीने विचारलं, "सर, आपल्यालाही बोलता येईल?" भूगोल शिकवताना इतका चांगला प्रश्न मला क्वचित कुणी विचारला होता.

आता खरी गोष्ट. सोसायटीचा सचिव माझाच विद्यार्थी. नोटीस लावल्यावर घरी आला, पाया पडला, आणि म्हणाला, "सर, तुम्ही आहात तोवर काळजी नाही. पण नंतर कोण बघणार?"

मी त्या दिवशी गप्प बसलो. सगळ्या आक्षेपांत हा एकच खरा होता. चिमण्यांचं उत्तर पाठ होतं, याचं नव्हतं. मुलगा नाशिकला, त्याला यात रस नाही. माझा गुडघा वर्षाला एकेक जिना कमी करत चालला आहे.

आता उत्तर देतो, सभेच्या आधी, लेखी. खांबाची एक वही केली आहे. वर्षातून दोनदा तपासणी : एक वळवाच्या आधी एप्रिलमध्ये, दुसरी संक्रांतीनंतर, कारण येवल्यासारखीच आपल्याकडेही पतंगांची धमाल असते आणि नायलॉनचा मांजा तारांत अडकून राहतो. तिन्ही ताण आता कॉलमला आहेत. नट, टर्नबकल, जोड, अर्थिंग, रोटेटरचं भोक, सगळ्याची नोंद तारखेसह. तपासणीला सोसायटीचा एक सभासद हजर, त्याची सही. वर चढणारा माणूस जाणकार, पट्टा बांधलेला, पैसे माझे. आणि शेवटचं पान : ज्या वर्षी मी दोन्ही तपासण्यांना स्वतः गच्चीवर जाऊ शकणार नाही आणि परवानाधारक दुसरं कुणी जबाबदारी घेणार नाही, त्या वर्षी पावसाळ्यापूर्वी खांब उतरवायचा. उतरवण्याचा खर्च मी सोसायटीकडे आगाऊ जमा करतो. मुलाने वाचून सही केली आहे. रस नाही, पण सही आहे.

अमेरिकेत 1985 मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने ठरवलं की स्थानिक प्रशासनाने हौशी रेडिओच्या अँटेनांना वाजवी जागा दिली पाहिजे. खाजगी सोसायट्यांना तो नियम तिथेही लागू नाही. म्हणजे तिथेही शेवटी शेजाऱ्यालाच पटवावं लागतं. मी हक्क मागत नाहीये. माझी वही दाखवतोय, आणि म्हणतोय, आता टाकीची वही दाखवा.

ठराव काहीही होवो. रविवारी सभा आहे. तोवर दोन-तीन दिवस अँटेना चालू आहे, आणि प्रश्न विचारणारी ती मुलगी शनिवारी येणार आहे. तिला आधी स्पॅनर धरायला शिकवणार आहे, मग माइक. सभेत काय झालं ते कळवीनच.

तुमच्या गच्चीवर काय काय उभं आहे, एकदा वर जाऊन बघून या. कळवा जरूर.