हलक्या कचऱ्याचे जड ओझे

जुनी वर्तमानपत्रे, बाटल्या, पत्र्याचे डबे यांना कोलकात्याच्या गल्लीतला भंगारवाला नाही म्हणत नाही. नव्या टीव्हीबरोबर आलेला थर्माकोल पुढे केला, की मात्र तो मान हलवतो. त्याचेही चुकत नाही. तो वजनावर माल घेतो आणि थर्माकोलमध्ये सुमारे ९८ टक्के हवाच असते. घनमीटरभर मालाचे वजन जेमतेम १५ ते २० किलो! हातगाडी शिगोशीग भरली तरी मजुरी सुटायची नाही. मग तो थर्माकोल नाल्यात तरी जातो, नाही तर धापाच्या कचराडेपोवर.

वास्तविक या शहराला सजावटीसाठी थर्माकोलची गरजच नव्हती. बंगालच्या पाणथळ जागी उगवणाऱ्या शोला या वनस्पतीचा पांढराशुभ्र गर कोरून मालाकार कारागीर दुर्गेचे दागिने आणि नवरदेवाचा टोपोर घडवत आले आहेत. थर्माकोल स्वस्त पडला, शोला मागे पडला. आता १ जुलै २०२२ पासून सजावटीचा थर्माकोल आणि त्याच्या ताटल्या-पेले यांवर देशभर बंदी आहे. महाराष्ट्राने तर २०१८ मध्येच मखरांवर गदा आणली. पण टीव्ही-फ्रीजच्या खोक्यातला थर्माकोल केंद्राच्या या बंदीत येत नाही, आणि घराघरांत साठतो तो हाच.

बंगाली माणसाचा ‘पाडा’ म्हणजे आपली आळी. पाड्यापाड्यांतले क्लब पूजेची वर्गणी दारोदार फिरून गोळा करतात. त्याच तरुणांनी महिन्यातला एक रविवार थर्माकोलसाठी का देऊ नये? मात्र आधी घेणारा शोधावा, मग गोळा करायला निघावे. उलट केले तर क्लबची खोली भरून जाते आणि उत्साह मावळतो. दाबयंत्र असलेला कारखानदार हा माल चाळीसपट आक्रसवतो. पुढे त्याच्या फोटोफ्रेमच्या पट्ट्या, फूटपट्ट्या होतात. त्याला माल कोरडा, चिकटपट्टी काढलेला हवा असतो. मासळीच्या पेट्या धुऊन वेगळ्या ठेवाव्यात. कंटाळून कोणी काडी लावू नये. तो काळा धूर विषारी असतो.

आणि नवा फ्रीज घेताना दुकानाच्या माणसालाच खोके उघडून थर्माकोल परत न्यायला सांगावे. शंभर रुपयांसाठी तासभर घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला एवढे सहज जमेल.