कोयत्यावरचं रक्त कोणाचं?



पाड्यात खून झाला की फौजदार आधी काय करतो? ज्याच्यावर संशय त्याच्या घरातला कोयता उचलतो. अन् कोयता कोणाच्या घरात नाही? आकडीला कोयता लावल्याशिवाय आपला माणूस रानात जातच नाही. त्यानेच काटी तोडतो, कोंबडी कापतो, बोट कापलं तर आपलंच रक्त त्याला लागतं. गंज नि खैराचा डागसुद्धा लालच दिसतो. पण कागदावर येतं, "रक्ताने माखलेला कोयता". झालं! माणूस आत, त्याचा प्लॉट पडीक, मग गार्ड येऊन तिथं रोपं लावून मोकळा. तुम्ही हे बघितलंय.

कायद्यात मात्र नुसता लाल डाग चालत नाही. रक्तच आहे का, माणसाचं की जनावराचं, कोणत्या गटाचं, हे तपासावं लागतं. गट जुळला तरी त्या गटाची हजारो माणसं तालुक्यात असतात. १९८७ साली ओरिसातल्या एका खुनाच्या केसमध्ये आरोपीच्या कपड्यावर माणसाचं रक्त निघालं होतं, पण गट निघाला नव्हता. सुप्रीम कोर्ट म्हणालं, खेड्यातल्या माणसाच्या कपड्यावरचे बारीक डाग त्याच्या स्वतःच्या रक्ताचेही असू शकतात. आरोपी सुटला. आपल्या पोरांचे वकील हा निकाल कोर्टात दाखवतात का? विचारा त्यांना.

दुसरी लबाडी कबुलीची. पोलिसापुढं दिलेली कबुली पुरावा नाही, २०२४ पर्यंतच्या पुरावा कायद्यात ते कलम २५ होतं. म्हणून ते त्याच कायद्याचं २७ वापरायचे : "आरोपीने कोयता काढून दिला." पण त्यातलं वस्तू सापडण्यापुरतंच बोलणं कोर्ट धरतं. "याच कोयत्याने मारलं" हे धरत नाही. प्रिव्ही कौन्सिलने १९४६ सालीच तसं ठरवलंय. मार खाऊन बोललेल्याला हे कोण सांगणार?

आणि पंच! २०२४ पर्यंत लागू असलेलं कलम १०० म्हणायचं, झडतीला त्याच भागातले दोन तरी प्रतिष्ठित, कोणाच्या बाजूचे नसलेले पंच हवेत. इथं येतात ठेकेदाराची माणसं, नाहीतर आपलाच कोणी, कोऱ्या कागदावर अंगठा देऊन घरी जाणारा. पंच व्हायला बोलावलं तर पळू नका, जा. कोयता कुठून काढला ते डोळ्यांनी बघा. पुडीला लाखेचं सील तुमच्यासमोर लागू द्या. लिहिलेलं वाचून घ्या, येत नसेल तर शाळेतल्या पोराला बोलवा. मगच अंगठा. घरवाल्याने झडतीला हजर राहावं, यादीची नक्कल मागावी. तो त्याचा हक्क आहे, साहेबाची मेहेरबानी नाही.