‘स्थानिक’ कोणास म्हणावे?

मोठ्या कारखान्यांत माणसे कोणत्या न्यायाने घेतली जातात, याची चर्चा शहरात टक्केवारीने होते. उचगावसारख्या सीमेवरील गावात मात्र हा प्रश्न एका शब्दापाशी येऊन अडतो. तो शब्द म्हणजे ‘स्थानिक’.

जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने एका विधेयकास संमती दिली. खासगी उद्योगांतील व्यवस्थापनाच्या ५० टक्के व इतर ७० टक्के जागा स्थानिकांस द्याव्यात, असा त्याचा आशय होता. स्थानिक म्हणजे राज्यात जन्मलेला, पंधरा वर्षे राहिलेला आणि कन्नड बोलता, वाचता, लिहिता येणारा. उद्योजकांनी ओरड करताच दोनच दिवसांत ते विधेयक बाजूस ठेवले गेले. हरियाणाचा अशाच स्वरूपाचा कायदा तेथील उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्येच रद्द ठरविला होता.

आमचा मुलगा चंदगड तालुक्यातील शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत गेला, तर महाराष्ट्राच्या २००८ च्या शासननिर्णयातील स्थानिक म्हणजे पंधरा वर्षे महाराष्ट्रात राहिलेला. नियम शब्दशः लावला तर उद्यमबागेत त्यास भाषा आडवी येते आणि शिनोळीत घराचा पत्ता.

कन्नड शिकण्यास आमचा विरोध नाही. मराठी शाळेतही ती शिकवावी लागते, आणि बेळगावात राहून ती न येणे ही मुलाचीच गैरसोय. पण अट कामातून निघावी. लोकांशी ज्याचा संबंध येतो त्याची भाषेची परीक्षा अवश्य घ्यावी. लेथवर उभा राहणाऱ्याच्या हाती मायक्रोमीटर द्यावा. यंत्रावरील धोक्याची पाटी त्यास वाचता आली पाहिजे, हे खरे. (मग ती पाटी इंग्रजीत का असते, हेही कोणी विचारावे.)

परंतु या वादात मूळ दुखणे झाकले जाते. जागा रिकामी आहे हे मुलांना कळते कसे? पंचवीस वा अधिक माणसे असलेल्या खासगी आस्थापनांनी रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयास कळवाव्यात, असे १९५९ च्या कायद्याने सांगितले. तेथूनच माणूस घ्यावा असे बंधन मात्र घातले नाही. पुष्कळशा जागा ठेकेदाराच्या वा नातलगाच्या शब्दावर भरल्या जातात. यात कारखानदाराचा हेतू वाईटच असतो असे नव्हे. त्यास भरवशाचा माणूस हवा असतो, आणि ओळखीचा माणूस सहसा दगा देत नाही. पण जिचा मामा वा चुलता आत नाही, अशा आय.टी.आय. झालेल्या मुलीने कोणाचा शब्द न्यावा? तिचे नाव टक्केवारीत बसते की नाही, हा प्रश्न उद्भवण्यापूर्वीच जागा भरलेली असते.

दारावर एक फलक पुरे : जागा किती, काम कोणते, वेतन काय, परीक्षा कोणत्या दिवशी. आणि ज्यास घेतले नाही त्यास चार ओळींचे कारण. नापास झालेल्या मुलासही आम्ही गुणपत्रिका देतोच.