मोफत विजेचा हिशेब

एप्रिल २०२४ पासून महाराष्ट्रातील साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांची वीज पाच वर्षांकरिता मोफत झाली. बिलाचा भार शासनाने आपल्या शिरावर घेतला. वऱ्हाडातील शेतकऱ्यास या सवलतीची गरज होती व तिच्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु जिचे बिल येत नाही ती वीज जपण्याचे कारण नाही, असा जो समज रूढ होऊ पाहत आहे, त्याची दखल घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कारंजा तालुक्यातील कामरगावसारख्या गावी हरभऱ्यास पाणी द्यावयाचे, तर पुष्कळदा विजेची पाळी रात्रीची. थंडीत, साप-विंचवाच्या वाटेने मध्यरात्री मोटार सुरू करावयास जाणे कोणास हौसेचे असणार? म्हणून पेटीत ऑटोस्विच बसतो. वीज आली की मोटार आपोआप सुरू होते. मालक घरी निजलेला आणि पाणी शेत भरून नाल्यास लागलेले! पाच अश्वशक्तीची मोटार ताशी सुमारे चार युनिट वीज घेते. ती तीन तास व्यर्थ चालली, तर तेवढ्या विजेवर घरातील ७५ वॅटचा पंखा १६० तास फिरला असता. विजेचे पैसे शासन भरील. उपसलेली विहीर कोण भरणार?

याहून मोठी हानी शेजाऱ्याची होते. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. खंडित वीज परतताच एका रोहित्रावरील सर्व मोटारी एकाच क्षणी जाग्या झाल्या, तर रोहित्र जळण्याचा धोका असतो. ते जळाले म्हणजे ज्याने ऑटोस्विच लावलेलाच नाही, त्याचाही हरभरा ऐन घाटे भरताना तहानतो. ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा, असे महावितरण वर्षानुवर्षे विनवीत आहे. कपॅसिटरने तारांतून वाहणारा प्रवाह घटतो व रोहित्रावरील भार हलका होतो.

अर्थात, रिकाम्या खोलीत पंखे व कूलर चालू ठेवून जेवावयास जाणाऱ्या कचेऱ्यांनी शेतकऱ्यास उपदेश करू नये. तेथेही बिल भरणारा दुसराच असतो! शिवाय दिवसा वीज मिळाली, तर ऑटोस्विचची गरजच बहुतांशी सरेल. सौर कृषी वाहिनी योजनेचे तेच तर आश्वासन आहे. ते पुरे होईपर्यंत एका रोहित्रावरील शेतकऱ्यांनी हरभऱ्याच्या पहिल्या पाण्यापूर्वी एकत्र बसून मोटारींच्या पाळ्या ठरवाव्यात, आणि त्या बैठकीस महावितरणने आपला माणूस धाडावा.